इंचातलं ड्रॉइंग, मिलिमीटरचं पॅनल: २५.४ ने गुणलं की काम संपतं का?



अमेरिकी मशीनचं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग आपल्या पद्धतीत बदलून द्यायचं काम कसं असतं, यावरचा व्हिडिओ तुम्ही चॅनलवर पाहिला असेल. व्हिडिओत स्क्रीनवरची कामं दाखवता आली. पण या कामाचा खरा भाग स्क्रीनवर दिसत नाही, आणि पैसे मिळतात ते त्याच भागाचे. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

बॅचमध्ये जवळजवळ प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतं, "सर, ड्रॉइंग इंचात आहे, २५.४ ने स्केल केलं की मिलिमीटरमध्ये आलं. मग यात धंदा कुठे आहे?"

धंदा याच गैरसमजात आहे. स्केल केल्यावर ड्रॉइंगचा आकार बदलतो, अर्थ तसाच राहतो. वायरमन पॅनल जोडतो तो अर्थ बघून. त्याने अमेरिकी चिन्ह आपल्या सवयीने वाचलं, तर मशीन चालू होणार नाही, किंवा नको तेव्हा चालू होईल. त्या वेळी मशीनमध्ये कोणाचा तरी हात असू शकतो. म्हणून ग्राहक पैसे रेषांचे देत नाही, "हे ड्रॉइंग बरोबर वाचलंय" या भरवशाचे देतो.

भिवंडीत हे काम कुठून येतं?

आपलं गाव यंत्रमागाचं. आता मानकोली, काल्हेर, पडघा या पट्ट्यात गोदामंही उभी आहेत. मागावाले सेकंड हँड शटललेस मशीन आणतात, ती बहुतेक युरोप, जपान किंवा चीनची. त्यांची ड्रॉइंग मिलिमीटरमध्येच असतात. अमेरिकी ड्रॉइंग जास्त करून येतं ते पॅकिंग मशीन, कन्व्हेअर, कॉम्प्रेसर, बॉयलर कंट्रोल असल्या सामानाबरोबर. मशीन जुनं, पॅनल खराब झालेलं, सोबत पिवळ्या पडलेल्या झेरॉक्स किंवा एक पीडीएफ. मालक स्थानिक पॅनल बिल्डरला सांगतो, "नवीन पॅनल करून द्या." पॅनल बिल्डर ड्रॉइंग उघडतो आणि डोकं खाजवतो.

तिथे तुम्ही लागता. पॅनल बिल्डरकडे पॅनल बांधायची माणसं असतात, पण बसून वीस शीट वाचायला वेळ नसतो. लागणारं भांडवल म्हणजे एक बरा कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर आणि शिकलेलं डोकं.

दोन मापं आपल्याला नवीन नाहीत

भारतात मेट्रिक वजनं-मापं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. तरी भिवंडीत आजही कापडाचा पन्हा इंचात बोलतात, पीक इंचावर मोजतात आणि सुताचा काउंट ब्रिटिश पद्धतीचा चालतो. एका पाउंडात ८४० यार्डाच्या किती लड्या बसतात, तो काउंट. म्हणून आकडा मोठा, तर सूत बारीक. ४० काउंट हे २० काउंटपेक्षा बारीक, हे इथल्या पोरालाही माहीत असतं. डेनियरचं उलट आहे. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, त्यामुळे आकडा मोठा तर धागा जाड.

वायरचंही नेमकं असंच आहे. अमेरिकी एडब्ल्यूजी नंबर काउंटसारखा चालतो: १० नंबर जाड, १८ नंबर बारीक. आपलं स्क्वेअर एमएम डेनियरसारखं: आकडा मोठा तर वायर जाड. हे डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते.

आता काम बघू. ड्रॉइंग बदलताना तीन थर असतात: माप, चिन्ह आणि माल. नवीन माणूस पहिल्या थरावर थांबतो. दर मिळतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या थरासाठी.

पहिला थर: माप

एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी. यात कुठेही अंदाज नाही. पण स्कीमॅटिक ड्रॉइंग म्हणजे नकाशा नव्हे. त्यातल्या रेषेची लांबी प्रत्यक्षातल्या कशाचीच लांबी नसते. मग माप महत्त्वाचं का? दोन कारणांसाठी.

पहिलं कारण ग्रिड. आयईसीची चिन्हं साधारण २.५ मिमीच्या पटीत काढलेली असतात. अमेरिकी लायब्ररी इंचाच्या भागांवर बसवलेली असते. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिमी. जुनं ड्रॉइंग २५.४ ने मोठं केलं आणि त्यात आयईसीची चिन्हं टाकली, तर वायरचं टोक चिन्हाच्या टोकाला लागत नाही. डोळ्याला जोडलेलं दिसतं, झूम केलं की मधे केसाएवढी फट. सॉफ्टवेअर ती वायर तुटलेली धरतं आणि पुढे वायर लिस्ट चुकीची निघते. म्हणून मिलिमीटरची कोरी टेम्प्लेट उघडून त्यात नव्याने काढणं बऱ्याच वेळा जास्त लवकर होतं.

दुसरं कारण कागद. अमेरिकी बी साइज ११ × १७ इंच, म्हणजे सुमारे २७९ × ४३२ मिमी. आपला ए३ असतो २९७ × ४२० मिमी. जवळपास सारखे दिसतात, पण अमेरिकी शीट ए३ वर जशीच्या तशी छापली तर बाजूच्या पट्टीवरचे लाइन नंबर कापले जातात. तेच नंबर पुढे क्रॉस रेफरन्ससाठी लागतात. ग्राहकाकडून पीडीएफ घेताना सगळ्या कडा दिसतात का, हे आधी बघा.

दुसरा थर: चिन्हं

इथे नीट लक्ष द्या. अमेरिकी मशीन ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीला लोक अजून जेआयसी म्हणतात, आणि तिथल्या औद्योगिक मशीनच्या वायरिंगचं मानक एनएफपीए ७९. आपल्याकडे आणि युरोपात चिन्हांसाठी आयईसी ६०६१७ चालतं. दोन्हींत काही चिन्हं सारखी दिसतात, पण अर्थ वेगळा असतो. त्यातली ही पाच आधी पाठ करा.

१. दोन उभ्या समांतर रेषा: अमेरिकी ड्रॉइंगमध्ये हा रिलेचा उघडा कॉन्टॅक्ट, म्हणजे एनओ. आयईसीत दोन समांतर रेषा म्हणजे कपॅसिटर. त्यावर तिरकी रेष मारली की अमेरिकेत तो एनसी कॉन्टॅक्ट होतो.

२. गोल: अमेरिकी ड्रॉइंगमध्ये आत "सीआर" लिहिलेला गोल म्हणजे रिलेची कॉइल. आयईसीत कॉइल चौकोनी असते, आणि गोल दिसला की आपला माणूस मोटर किंवा मीटर समजतो.

३. "एम" हे अक्षर: सगळ्यात फसवं हेच. अमेरिकी ड्रॉइंगमध्ये गोलात "१एम" असेल तर तो मोटर स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, मोटर नव्हे. मोटरसाठी तिथे बहुधा "एमटीआर" लिहितात. आयईसीत "एम" म्हणजे मोटरच. कॉन्टॅक्टरला जुन्या आयईसी ड्रॉइंगमध्ये "के" आणि नव्यात "क्यू" असतं.

४. चौकोन: आयईसीत लांबट चौकोन म्हणजे रेझिस्टर, आणि त्यातून आरपार रेष गेली की फ्यूज. अमेरिकी रेझिस्टर नागमोडी असतो.

५. दाबून धरलेला लिमिट स्विच: अमेरिकी पद्धतीत "एनओ, पण मशीन थांबलेलं असताना दाबून बंद धरलेला" असं वेगळं चिन्ह आहे. दिसायला तो बंद कॉन्टॅक्ट. पण स्विचवर वायर लावायची ती एनओ टर्मिनललाच. ज्याने याला एनसी धरलं, त्याने गार्डच्या दरवाजाचं काम उलटं केलं: दरवाजा बंद असताना मशीन थांबेल आणि उघडला की चालेल. जीव जाण्याचा धोका असतो तो अशा ठिकाणी.

ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये एका लायब्ररीची चिन्हं दुसऱ्या लायब्ररीच्या चिन्हांनी बदलायची सोय आहे. ती जरूर वापरा, वेळ वाचतो. पण ती चालते कधी? मूळ ड्रॉइंग त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच लायब्ररीने काढलेलं असेल तर. पीडीएफ किंवा साध्या रेषांच्या फाइलमध्ये बदलायला ब्लॉकच नसतात. आणि ब्लॉक बदलले तरी "दाबून धरलेला" स्विच कुठला, हे वाचून ठरवायचं काम तुमचंच.

मांडणीही बदलते. अमेरिकी ड्रॉइंग शिडीसारखं: डाव्या-उजव्या बाजूला दोन उभे खांब, मधे आडव्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला नंबर. कॉइलच्या उजवीकडे लिहिलेलं असतं की हिचे कॉन्टॅक्ट कुठल्या पायरीवर आहेत. नंबराखाली रेघ असेल तर तो एनसी. आयईसीत वर आणि खाली आडव्या लाइन, मधे उभे रकाने, आणि पत्ता "पान आणि रकाना" असा. कॉन्टॅक्टला टर्मिनल नंबर असतात: कॉइल ए१-ए२, एनओ १३-१४, एनसी २१-२२, ओव्हरलोडचा एनसी ९५-९६. अमेरिकी जुन्या ड्रॉइंगमध्ये हे नंबर बहुधा नसतातच. ते तुम्हाला प्रत्यक्ष निवडलेल्या मालाप्रमाणे भरावे लागतात. म्हणजे तिसरा थर आल्याशिवाय दुसरा पूर्ण होत नाही.

तिसरा थर: माल

कंट्रोल आणि पॉवरच्या वायरचा हा हिशेब भिंतीवर लावून ठेवा:

- १८ नंबर = ०.८२ स्क्वेअर एमएम, आपल्याकडे १ घ्यायची
- १६ नंबर = १.३१, आपल्याकडे दीड
- १४ नंबर = २.०८, आपल्याकडे अडीच
- १२ नंबर = ३.३१, आपल्याकडे ४
- १० नंबर = ५.२६, आपल्याकडे ६

नियम सोपा आहे: नेहमी वरचा साइज घ्या. १४ नंबरच्या जागी "जवळपास तेवढीच" म्हणून दीडची वायर टाकली, तर तांबं एक चतुर्थांशाहून जास्त कमी झालं. वरचा साइज घेतल्यावरही करंट, एमसीबी आणि टर्मिनलमध्ये वायर बसते का, हे बघायचंच.

आता रंग. भिवंडीतल्या कुठल्याही वायरमनला विचारा: लाल, पिवळा, निळा म्हणजे फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. अमेरिकी पॅनलमध्ये काळी वायर पॉवरची, म्हणजे जिवंत. न्यूट्रल पांढरी किंवा राखाडी. युरोपच्या पॅनलमध्ये फिकी निळी वायर न्यूट्रल, आणि आपल्याकडे निळी म्हणजे फेज. तुम्ही ड्रॉइंगवर मूळ रंग तसाच सोडला आणि पॅनल आपल्या माणसाने उघडलं, तर तो काळ्या वायरला बिनधास्त हात लावेल. म्हणून पहिल्याच शीटवर रंगांचा तक्ता द्या: मूळ रंग, नवीन रंग, काम. जुनी वायरिंग मशीनवर तशीच राहणार असेल तर तेही मोठ्या अक्षरात लिहा.

कॉन्टॅक्टरचंही बघा. अमेरिकी ड्रॉइंगमध्ये "साइज १" असं लिहिलेलं असतं. तो नेमाचा साइज, २७ अँपिअरचा, ४६० व्होल्टवर १० एचपीच्या मोटरपर्यंत. आपल्याकडे तशाच मोटरसाठी कॅटलॉगमध्ये एसी-३ ड्यूटी बघून लहान कॉन्टॅक्टर निघतो. सरळ चालणाऱ्या मोटरला तो पुरतो. पण मशीन वारंवार झटके देऊन सरकवायचं असेल, म्हणजे इंचिंग असेल, तर एसी-४ ड्यूटी बघायची. नाहीतर कॉन्टॅक्ट लवकर जळतात आणि फोन तुम्हाला येतो.

पुश बटणाचं भोक अमेरिकी मालाला ३०.५ मिमी, आपल्याकडच्या मालाला २२.५ मिमी. मालक जुना दरवाजा ठेवणार असेल तर रिड्यूसिंग रिंग लागेल, नाहीतर नवीन प्लेट कापावी लागेल. हे तुम्ही मालाच्या यादीत लिहिलंत तर पॅनल बिल्डर तुमचं नाव लक्षात ठेवतो.

शेवटी सप्लाय. तिथे ४८० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इथे ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. १८०० आरपीएमची सिंक्रोनस स्पीड इथे १५०० होते. ६० हर्ट्झची कॉइल किंवा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त करंट घेऊन तापू शकतो. कंट्रोल तिथे १२० व्होल्टचा असतो. ही ठरवायची कामं इंजिनिअरची आहेत, तुमची नाहीत. तुमचं काम अशी प्रत्येक जागा शोधून प्रश्नांच्या यादीत टाकणं.

कामाचा क्रम

१. मूळ ड्रॉइंगच्या सगळ्या शीट मोजा. मधली शीट गायब असेल तर काम सुरू करू नका.
२. मशीनवर जाऊन नेमप्लेटचे फोटो घ्या. ड्रॉइंगवरचा सीरियल नंबर आणि मशीनवरचा जुळतो का बघा.
३. आधी कागदावर वाचा. प्रत्येक कॉइल, तिचे कॉन्टॅक्ट, प्रत्येक स्विच एका यादीत लिहा.
४. न समजलेल्या जागांची प्रश्नयादी ग्राहकाला लेखी पाठवा. अंदाजाने भरू नका.
५. मग नवीन ड्रॉइंग काढा. मूळ ड्रॉइंग नंबर आणि मूळ टॅग संदर्भ म्हणून ठेवा, पुसू नका.
६. दोन्ही ड्रॉइंग शेजारी ठेवून, दुसऱ्या माणसाकडून, पायरीला पायरी लावून तपासून घ्या. ज्याने काढलं त्यानेच तपासलं तर चूक दिसत नाही.
७. सोबत द्यायचं: ड्रॉइंग, मालाची यादी, टर्मिनल यादी, बदलांची यादी आणि रंगांचा तक्ता.

तुम्ही फक्त ड्रॉइंग देताय, हे कोटेशनमध्ये स्वच्छ लिहा. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच व्हायला हवी. मूळ ड्रॉइंग मशीन बनवणाऱ्याचं असतं, म्हणून ते वापरायची ग्राहकाची लेखी संमती घ्या आणि फाइल इकडे-तिकडे पाठवू नका.

दर कसा लावायचा?

शीटचा दर सांगून बहुतेक जण अडकतात. एक उदाहरण घेऊ. समजा १२ शीट आहेत आणि तुमच्या तासाची किंमत तुम्ही ३०० रुपये धरली. प्रत्येक शीट काढायला २ तास, म्हणजे २४ तास. नवीन माणूस एवढंच मोजतो आणि ७,२०० रुपये सांगतो. पण मशीनवर जाऊन यायला ५ तास, मालाची यादी करायला ४ तास, तपासणी आणि दुरुस्त्यांना ३ तास. एकूण ३६ तास, म्हणजे १०,८०० रुपये. तुमच्या खऱ्या मेहनतीचा एक तृतीयांश भाग फुकट गेला असता.

म्हणून कोटेशन तीन ओळींत द्या: वाचन आणि साइट व्हिजिट, ड्रॉइंग, मालाची यादी आणि तपासणी. ग्राहक म्हणाला "फक्त ड्रॉइंग द्या, बाकी नको", तर ड्रॉइंगचा दर कमी करू नका, आणि तपासणी तर अजिबात काढू नका. दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात आहेत, तेही लिहा.

सुरुवातीला उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. सॉफ्टवेअरवर पहिल्या दिवशी मोठा खर्च नको. क्यूइलेक्ट्रोटेक हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यावर हात बसवा. ग्राहकाला ऑटोकॅडचीच फाइल हवी असेल तेव्हा सबस्क्रिप्शनचा विचार करा आणि तो खर्च दरात धरा.

हे काम कोणाला जमेल?

इलेक्ट्रिकलचा आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, पॅनल शॉपमध्ये वर्षभर हात काळे केलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर उत्तम. मी बीबीए केलंय. दर, कोटेशन, ग्राहक मी शिकवू शकतो; पण एनओ-एनसीचा निर्णय मी इलेक्ट्रिकलच्या माणसाकडूनच घेतो. तुम्हीही कॉमर्सवाले असाल तर एकटे उतरू नका, इलेक्ट्रिकलचा जोडीदार घ्या. मागाच्या शेडमध्ये जसा मालकाला जॉबर लागतो, तसंच आहे हे.

या आठवड्यात एक काम करा. कुठल्याही अमेरिकी मशीनच्या मॅन्युअलमधली स्टार्ट-स्टॉप सर्किटची एक शीट घ्या आणि वर दिलेल्या क्रमाने आयईसीत बदला. मग ती ओळखीच्या एखाद्या वायरमनसमोर ठेवा आणि काही न सांगता विचारा, "यात मोटर कधी चालू होईल, कधी थांबेल?" त्याने बरोबर सांगितलं, तर तुम्ही पहिल्या ग्राहकाकडे जायला तयार आहात. नाही सांगितलं, तर तो कुठे अडखळला ते लिहून घ्या आणि शीट पुन्हा काढा.

तुमची शीट आणि अडलेले प्रश्न पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातलीच काही घेऊन बघू. भेटू!